पाचाडचा वाडा नव्याने उभारू नका, आहे तो टिकवा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत रायगड आहे, याचा आम्हा महाड परिसरातल्या लोकांना आनंद आहेच. गडाकडे वळलेले लक्ष आणि निधी उद्या पायथ्याच्या पाचाडला, राजमाता जिजाऊंच्या वाड्यापर्यंत पोहोचेल, तेव्हा तिथे काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये, यासाठी हे पत्र.

गडावरचा गार वारा उतारवयात मातोश्रींना सोसवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी हा वाडा बांधला, असे सांगितले जाते. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि अकराच दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊंनी पाचाडला देह ठेवला. त्यांची समाधीही इथेच आहे. आज वाड्याचा तट, आतली जोती आणि विहिरी एवढेच शिल्लक आहे. त्यांपैकी तक्क्याच्या विहिरीच्या काठावर टेकून बसण्यासाठी घडवलेला दगडी तक्क्या अजून जागेवर आहे.

‘वाडा पूर्वीसारखा उभारा’ ही मागणी अधूनमधून होते. तीमागची भावना समजते, पण नुसत्या जोत्यांवरून वरचे मजले, खांब आणि छपरे ठरवता येत नाहीत. जे उभे राहील ते आपल्या कल्पनेतले असेल आणि त्याच्या पायाखाली अस्सल पुरावा कायमचा गाडला जाईल.

खरा धोका पावसाचा आणि झाडांचा आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तटाच्या सांध्यात उंबर-पिंपळाचे रोप रुजले की मुळे चिऱ्यांना बाहेर ढकलतात, आणि मग त्या फटीत सिमेंट भरण्याचा मोह होतो. सिमेंटमुळे भिंतीतला ओलावा आतच कोंडतो आणि चिऱ्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून दुरुस्ती चुन्यातच व्हावी, रोपे कोवळी असतानाच मुळासकट काढली जावीत आणि पाण्याचे जुने निचरे आधी मोकळे करावेत. या कामांच्या उद्घाटनाचा फोटो फारसा देखणा येणार नाही, हे मान्य.

दुसरी विनंती भोवतालच्या जागेविषयी आहे. पाचाड खिंडीजवळच्या वाघबीळ या गुहेतून पाहिले म्हणजे गड आणि त्याच्या पायथ्याचा मुलूख एकमेकांना कसा धरून होता, ते नजरेत भरते. राज्याभिषेक सोहळ्याला येणाऱ्या गर्दीसाठी वाहनतळ आणि स्वच्छतागृहे लागणारच, पण ती तटाला खेटून नकोत. वाडा, समाधी आणि गड यांच्या मधल्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत आणि कुठे बांधता येईल, याची मर्यादा ग्रामस्थांना विश्वासात घेऊन आखावी. त्यांच्या घरांची आणि शेतीची अडवणूक होता कामा नये.

कोणतीही निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक जोत्याचे, विहिरीचे आणि तटाचे मोजमाप घेऊन नकाशे तयार करावेत, आणि ते पाचाडच्या ग्रामपंचायतीत सर्वांना पाहण्यासाठी ठेवावेत.

कळावे.

आपला नम्र,
महाड तालुक्यातील एक रहिवासी