रात्रपाळीच्या सिस्टर, मावशी आणि मामा यांस

मिरजेतल्या रुग्णालयात आम्ही अण्णांना घेऊन अकरा रात्री काढल्या. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती. तुमची नावं विचारायचं भान तेव्हा राहिलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

सिस्टर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तुम्ही दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत होतात. पहाटे तीनलासुद्धा, आणि दर वेळी आधी सांगून: "अण्णा, आता डावीकडे वळू या हं." त्यांना बोलता येत नव्हतं, तरी सांगत होतात. औषधांची ट्रॉली हलवण्यापूर्वी तुम्ही क्षणभर डोळे मिटता, हे मी दुसऱ्या रात्री पाहिलं. एमआरआयच्या आधी अण्णांची तुळशीची माळ काढावी लागली, ती तुम्ही स्वतःच्या स्वच्छ रुमालात गुंडाळून ठेवलीत आणि परत आणल्यावर स्वतःच गळ्यात घातलीत. आमचे अण्णा वारकरी. ती माळ त्यांच्यासाठी काय आहे, हे तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

मावशी, तुम्ही अण्णांचे पाय पुसत असताना मी संकोचले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमच्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, मग मला कसली लाज?" आणि लगेच पाणी बदलायला गेलात.

स्ट्रेचर ढकलणारे मामा, उंबरठ्यावर चाक अलगद उचलत होतात. धक्का बसला नाही.

अण्णा आता काठी घेऊन अंगणात येतात. काल त्यांनी स्वतः माळ गळ्यात घातली. तुम्हा तिघांचे मनापासून आभार.