न्याहारीला बांगडा

वेंगुर्ले,
२८ एप्रिल २०२५

प्रिय दोस्ता,

पत्राला उशीर झाला, त्याबद्दल शिव्या घालून घे आणि पुढे वाच. तू विचारलंयस, "तुम्ही घरी पोरांना ईस्टर कसा शिकवता? माझी लेक म्हणते, ईस्टरला ससा येतो आणि अंडी लपवतो." वाचून हसलो, पण फार नाही. तोच ससा आता आमच्या बाजारातल्या बेकरीतही येऊन बसलाय.

अंड्यांवर माझा राग नाही हं. पूर्वी ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असायची, कोंबड्या मात्र घालायच्या थांबत नसत, मग साठलेली अंडी सणाला बाहेर निघायची. आई यंदा कांद्याच्या सालींत गावठी अंडी उकडून विटकरी करणार होती, तिला म्हटलं कर. बंद कबर फोडून जीव बाहेर येतो, एवढं पोरांना त्यातून सांगता येतं. सशाचं काय सांगायचं ते मात्र अजून सुचलेलं नाही.

आधी माझी फजिती सांगतो. गेल्या वर्षी गुड फ्रायडेला धाकट्याला खिळे, काट्यांचा मुकुट, भाला, सगळं साग्रसंगीत सांगितलं. सांगता सांगता मीच रंगलो. रात्री पोर झोपेना. रविवारी, येशू तिसऱ्या दिवशी उठला म्हणून, इगर्जीत (चर्चमध्ये) घंटा वाजताहेत, आणि हा मला विचारतोय, "पप्पा, त्याचे हात अजून दुखत असतील ना?" मला शुक्रवार सांगता येतो, रविवार येत नाही, हे तेव्हा कळलं. आपलंही तसंच होतं की. क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानकं तोंडपाठ, आणि ईस्टर म्हणजे नवा शर्ट आणि डुकराच्या मटणाचं सोरपोतेल.

म्हणून यंदा प्रवचन बंद. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, ५ मार्चला, भिंतीवरचं कॅलेंडर पोरांच्या हाती दिलं आणि म्हटलं, ईस्टरपर्यंतचे उपवासाचे चाळीस दिवस मोजा. थोरलीने मोजले आणि कोर्टात पुरावा ठेवावा तशी माझ्यासमोर उभी राहिली: "शेहेचाळीस आहेत. फादर चुकले." मग सहा रविवार वजा करायला लावले. रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार म्हणजे छोटा ईस्टरच. हे वाक्य कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात आपण कितीदा ऐकलं असेल! तिला ते वजाबाकीतून पटलं.

मग तारखेचा प्रश्न निघाला. नाताळ कसा दरवर्षी २५ डिसेंबरला, हा सण का पळतो? किनाऱ्यावरच्या पोरांना चंद्र शिकवावा लागत नाही. उधाण कधी, भांग कधी, हे त्यांना शेजारच्या होडीवाल्यांकडून आपसूक कळतं. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार. शिमग्याची पौर्णिमा १४ मार्चला झाली, ती बाद. हनुमान जयंतीची पौर्णिमा चर्चच्या गणितात १३ एप्रिलला, नेमकी ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारीच पडली. पौर्णिमा रविवारी आली तर ईस्टर पुढच्या रविवारी, म्हणून २० एप्रिल. येशूला मारलं तो यहुद्यांच्या वल्हांडणाचा काळ होता आणि वल्हांडण पौर्णिमेला येतो, हेही सांगितलं. तिथे थोरलीने मला पकडलं. "मग दुपारी बारापासून तीनपर्यंत अंधार पडला तो ग्रहणाचा नव्हता. सूर्यग्रहण अमावास्येला होतं." दोस्ता, इतक्या वर्षांत मी हा विचार केला नव्हता!

झावळ्यांच्या रविवारी आईने दोघांना माडाच्या कोवळ्या पातीचा खुरीस (क्रूस) विणायला शिकवला. गेल्या वर्षीचे वाळलेले खुरीस उपवासकाळाआधी इगर्जीत परत दिले होते, त्यांचीच राख बुधवारी कपाळाला लागली, हे त्यांना आता ठाऊक आहे. गुरुवारी संध्याकाळी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, मी परातीत पाणी घेऊन पोरांचे पाय धुतले. दिवसभर काजूच्या बागेत हुंदडलेले पाय, पाणी तांबडं झालं. धाकटा गुदगुल्यांनी लोळत होता. थोरली आधी पाय देईना, "शी, तुम्ही कशाला?" म्हणाली. त्या शिष्यांतला पेत्रही हेच म्हणाला होता, असं सांगितलं तर खूश झाली.

शुक्रवार यंदा थोडक्यात आटोपला. शनिवारी रात्री दोघांनाही जागरणाच्या मिस्साला नेलं. बाहेर अंगणात नवा अग्नी, आत पूर्ण काळोख, आणि त्या काळोखात एकटी पास्काची मेणबत्ती. तिच्यावर २०२५ असा आकडा कोरलेला पाहून धाकटा कुजबुजला, "या वर्षीचा का?" तेव्हाचं नाही, आत्ताचं, म्हणून. एवढं सांगेपर्यंत त्याच्या हातातली मेणबत्ती पेटली आणि पुढचं त्याला ऐकायचं नव्हतं.

पण खरा धडा झाला तो सोमवारी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातली गोष्ट तुला आठवते? शिष्य रात्रभर जाळं टाकतात, काही मिळत नाही. पहाटे काठावरून कोणीतरी म्हणतं, उजव्या बाजूला टाका. एकशे त्रेपन्न मासे येतात, जाळं फाटत नाही. काठावर येऊन बघतात तर निखारे पेटलेले, त्यावर मासे, बाजूला भाकर. आणि उठलेला येशू म्हणतो, या, न्याहारी करा. ज्या पेत्राने त्याला तीनदा नाकारलं, त्यालाही आधी खाऊ घालतो, विचारतो नंतर. मला विचारशील तर हीच आपल्या किनाऱ्याची ईस्टरची गोष्ट, आणि आपल्याला कोणी नीट सांगितलीच नाही.

उजाडताच दोघांना घेऊन किनाऱ्यावर गेलो. रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती. रापणकरांकडून चार बांगडे घेतले, दगड मांडून करवंट्या पेटवल्या, मीठ-हळद लावून बांगडे भाजले. तांदळाची भाकरी घरून नेली होती. खाता खाता गोष्ट सांगितली. धाकट्याची पहिली शंका: "त्याने बांगडोच भाजलेलो?" ते गोड्या पाण्याचं तळं, तिथे बांगडा मिळत नाही, म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. मग बोटं चाटत म्हणाला, "भुताक भूक लागत नाय. म्हणजे तो खराच जिवंत होतो." आणि थोड्या वेळाने, "हाताला भोकं होती, तरी मासे भाजले?" होती, म्हटलं. विश्वास न ठेवणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तीच दाखवली. गेल्या वर्षीचा प्रश्न त्याचा त्यानेच असा सोडवला.

त्याच दुपारी बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. आदल्या दिवशी पोरांनी त्यांना टीव्हीवर सज्जात बसून शुभेच्छा देताना पाहिलं होतं. धाकट्याने बोटं मोजली आणि म्हणाला, "म्हणजे बुधवारी उठणार?"

मी चहाचा कप हातात धरून गप्प. येशूने मेलेल्यातून उठवलेला लाझरस, पुनरुत्थान, शेवटचा दिवस, सगळं डोक्यात एकदम गोळा झालं आणि तोंडातून एक शब्द निघेना. आई कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, लाझर परत इलो आणि मगे परत मेलो. जेजू परत येवक नाय. तो फुडे गेलो. पोपय त्याच्या मागसून गेलो. आपणय जातलो."

धाकटा म्हणाला, "रांगेन?"

"रांगेन," आई म्हणाली, आणि कांदा चिरत राहिली.

शनिवारी अंत्यविधी टीव्हीवर पाहताना तो एकदाही रडला नाही. थोरली थोडी रडली, पण ती जाहिरातीतही रडते.

आता एक काम सांगतो. ईस्टर एका दिवसात संपत नाही, पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस चालतो, म्हणजे यंदा ८ जूनपर्यंत, अगदी मिरगाच्या तोंडाशी. उपवासाचे दिवस मोजले तसे हेही मोजायचे, असं पोरांनीच ठरवलंय. रोज संध्याकाळी जागरणाच्या रात्रीची मेणबत्ती पाच मिनिटं पेटवायची, एकाने ईस्टरनंतरची एक गोष्ट सांगायची. आज नववा दिवस. परवा वीज गेली तेव्हा धाकट्याने ती तासभर जाळली. पाऊस येईपर्यंत काही पुरायची नाही. मे महिन्यात येशील तेव्हा पुण्याहून एक जाडशी घेऊन ये. आणि लेकीला आण, बांगडे मी घेतो.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा