दार ‘दुर्दैवाने’ बंद नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत न्यूयॉर्कच्या ट्रँगल या ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्यातील १९११ च्या आगीवर आलेला लेख दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर आणि एकदा चष्मा पुसून, कारण आपण खरेच असे छापले आहे यावर माझा विश्वास बसेना. ‘नवव्या मजल्यावरचे एक दार दुर्दैवाने बंद होते.’ दुर्दैवाने! लेखकाचा अभ्यास दांडगा असणार, त्याबद्दल आदरच आहे. मी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेली बाई. पण एकवीस वर्षे शर्टाच्या कॉलरी शिवल्यात, त्यामुळे कारखान्याचे दार कसे बंद होते एवढे मला कळते. वारा आला आणि दार लागले, असे होत नाही. कुणीतरी उठून कुलूप घालतो आणि चावी खिशात टाकतो.

ट्रँगलच्या नवव्या मजल्यावर जायला-यायला दोन जिने होते. वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूचा कुलपात. सुटी झाली की सगळ्यांनी ग्रीन स्ट्रीटच्या बाजूने, अरुंद वाटेतून एकेकीने निघायचे आणि जाताना पर्स उघडून दाखवायची. का, तर पोरी ब्लाउज चोरतील! पुढे कोर्टात मालक हॅरिसना विचारले, की आजवर चोरीला गेलेल्या मालाची किंमत तरी किती? त्यांनी आठ-दहा-पंधरा डॉलर असे काहीतरी सांगितले, आणि पंचवीसच्या वर नाही हेही कबूल केले. २५ डॉलरसाठी ते कुलूप होते. आपल्या लेखात या आकड्याला जागा मिळाली नाही. मालकांचा रुबाबदार फोटो मात्र तीन कॉलमी.

मला हे इतके का झोंबले ते सांगते. १९८४ साली मी दादरपलीकडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात कामाला होते. पीस रेटवर आम्ही तीस-पस्तीस बायका, दोन कटिंग मास्तर, एक प्रेसवाला. नाव कुणाचेच घेत नाही, शेठ आता हयातही नाहीत. मागच्या जिन्याचे दार कायम कुलपात, चावी वॉचमनच्या गळ्यात. पुढच्या दारात तयार मालाची खोकी छातीएवढी रचलेली. संध्याकाळी सुटताना प्रत्येकीने पिशवी उपडी करायची आणि डबा उघडून दाखवायचा. उरलेली पोळीसुद्धा उचलून खाली बघायचे. नवीन लग्न झालेली एक पोर होती आमच्यात, ती डबा घरी न्यायचाच नाही म्हणून दुपारी उपाशी राहायला लागली. आणि इतक्या वर्षांत सापडले काय? एक दोऱ्याचे रीळ आणि अर्धा डझन बटणे. बटणे तर मास्तरांच्याच खिशात निघाली.

त्या वर्षी श्रावणात एका दुपारी इस्त्रीच्या टेबलाखालच्या चिंध्या पेटल्या. चिंधीवाला महिनाभर फिरकला नव्हता. ट्रँगलमध्येही आग लागली ती आठव्या मजल्यावर, कटिंगच्या टेबलाखाली साठलेल्या चिंध्यांत, आणि तिथला चिंधीवालाही जानेवारीनंतर आला नव्हता. हे वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तर धूर झाला, आम्ही मागच्या दाराकडे धावलो. कुलूप. वॉचमन शेठचा चेक घेऊन बँकेत गेलेला, गळ्यातल्या चावीसकट. मागच्या बायका पुढच्यांना रेटत होत्या आणि पुढच्या दारावर चपट्या होत होत्या. दार उघडत होते आतल्या बाजूला, म्हणजे कुलूप नसते तरी त्या गर्दीत ते उघडलेच नसते. शेवटी प्रेसवाल्याने पिण्याच्या पाण्याचा ड्रम आडवा केला आणि पाच मिनिटांत सगळे विझले. जळाले ते दोन बंडल कापड. पुढच्या पगाराच्या पाकिटात प्रत्येकीचे थोडे पैसे कमी. विचारले तर म्हणाले, ‘कापड काय आभाळातून पडते?’ आठवडाभरात दाराला नवीन कुलूप आले, आधीच्यापेक्षा मोठे.

नंतर युनियनच्या एका ताईंनी सांगितले, की १९४८ च्या कारखाने कायद्यात तेव्हा कलम ३८ म्हणून होते. खोलीत माणूस असेपर्यंत बाहेर पडायच्या दाराला कुलूप घालायचे नाही आणि सरकते नसेल तर दार बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे. आम्ही ऐकून हसलो. तपासणीचे साहेब यायचे त्या दिवशी कुलूप निघायचे, खोकी गच्चीवर जायची, आम्हाला नवे एप्रन मिळायचे. साहेबांची पाठ वळली की एप्रन परत.

म्हणून आपल्या लेखातले ‘या आगीने अमेरिकेला जाग आली आणि कायदे झाले’ हे वाक्यही मला पचले नाही. आगीआधी सगळे झोपले होते, हे कुणी सांगितले? १९०९ च्या नोव्हेंबरात याच धंद्यातल्या वीस हजार पोरींनी संप केला. क्लारा लेमलिच नावाची तेविशीची मुलगी भर सभेत उठून म्हणाली, भाषणे पुरे, आता संप. पोरींनी मार खाल्ला, अटका झाल्या. बाकीच्या बऱ्याच कारखान्यांनी युनियनशी करार केले, ट्रँगलच्या मालकांनी नाही केला. आणि २५ मार्च १९११ ला, शनिवारी, सुटायच्या वेळी १४६ माणसे गेली. त्यात १२३ बायका आणि मुली, धाकट्या दोघी चौदा वर्षांच्या. दहाव्या मजल्यावर टेलिफोनने खबर गेली म्हणून मालक गच्चीवरून शेजारच्या इमारतीत सुखरूप गेले. नवव्या मजल्याला कुणीच कळवले नाही. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली. जागच होते सगळे, ऐकत कुणी नव्हते.

खटल्याबद्दल आपण ‘मालकांवर खटलाही चालला’ एवढेच लिहिले. तो ‘ही’ फार मौजेचा आहे. खटला चालला आणि मालक सुटले, असे पुढे लिहायला शाई संपली होती काय? दार बंद होते हे पुरेसे नाही, त्या घडीला ते बंद आहे हे मालकांना ठाऊक होते असे सिद्ध व्हायला हवे, म्हणे. १९१४ मध्ये दिवाणी दावे मिटले ते माणशी ७५ डॉलरवर. आणि मधल्या काळात, १९१३ साली, ट्रँगलचे दुसरे मालक ब्लँक महाशय दुसऱ्या कारखान्यात परत दाराला कुलूप घालताना सापडले. दंड २० डॉलर. आमच्या शेठना हे कळले असते तर त्यांना गहिवरून आले असते.

पुढे अमेरिकेच्या कामगारमंत्री झालेल्या फ्रान्सिस पर्किन्स यांच्याविषयी आपण चांगले लिहिले आहे, हे मोकळेपणाने मान्य करते. आग त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, आणि आगीनंतर कारखान्यांची तपासणी करायला नेमलेल्या चौकशी आयोगाच्या कामात त्यांनी जे केले ते मला सगळ्यात आवडते. आयोगाचे अध्यक्ष वॅग्नर साहेबांना एका कारखान्यात नेऊन त्यांनी भिंतीतल्या बारक्या भोकातून, बर्फाने माखलेल्या शिडीवर, स्वतःच्या हातापायांनी बाहेर पडायला लावले. ती शिडी जमिनीपासून बारा फुटांवर संपत होती आणि वर पाटी होती, आगीतून सुटकेचा मार्ग! आमच्याकडे आलेल्या साहेबांना शेठ केबिनमध्ये बसवून उसाचा रस पाजायचे. त्यांना एकदा नुसते त्या मागच्या दारातून जा म्हणायचे होते.

एक चूकही दुरुस्त करावी. ‘मृतांपैकी सहा जणी आजही निनावी आहेत’ असे आपण छापले आहे. नाहीत. २०११ मध्ये, आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्या सहाही जणांची नावे शोधून निघाली. मी ती पाहिली आहेत. लेक न्यू जर्सीला असते. गेल्या वर्षी तिच्याकडे गेले होते, तेव्हा पाथ ट्रेनने नाइन्थ स्ट्रीटला उतरून आम्ही चालत गेलो. इमारत अजून उभी आहे (‘अग्निरोधक’ होती ना, तिला काय झाले!), आता त्यात विद्यापीठाचे वर्ग भरतात. २०२३ च्या ऑक्टोबरात तिथे स्मारक झाले. स्टीलच्या पट्टीत नावे आरपार कोरलेली आहेत आणि खालच्या काळ्या पट्टीत ती प्रतिबिंबातून वाचायची. लेक वाचून दाखवत होती. मी मान वर करून नववा मजला मोजत होते. इस्टेटीतला आमचा गाळा तिसऱ्यावर होता, तेवढाच फरक.

ता. क. त्याच पानावर खाली रेडिमेड शर्टांच्या सेलची जाहिरात आहे, ‘आग लागावी इतक्या कमी किमती’. पान कोण लावते, जरा विचारावे. दुसरे, गणपतीच्या सुमारास मी बेस्टच्या बसबद्दल लिहिलेल्या पत्राचा शेवट आपण कापला होता आणि त्यामुळे मी कंडक्टरांच्या विरुद्ध आहे असे आमच्या कॉलनीत झाले. हेही कापायचे असेल तर न्यू जर्सीचे कापा. कुलपाचे राहू द्या.

आपली,
एक निवृत्त शिलाई कामगार, डोंबिवली (पूर्व)