चि. ओंकारला

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी मित्रांबरोबर दोन पेग आणि सोबत सिगारेट होते, हे तू स्वतःच फोनवर सांगितलंस. लपवलं नाहीस, याचं बरं वाटलं. पण 'तोंडात काही नाही, मी बघतो ना आरशात' असं म्हणालास, ते मनातून जात नाही. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये झाली. आरशात दिसतं ते फार उशिराचं असतं रे.

गालाच्या आतून हलकेच खरवडून घेतलेल्या पेशी रंगवून मायक्रोस्कोपखाली धरल्या की मोठ्या गोल केंद्रकाशेजारी कधी कधी एक बारीक ठिपका दिसतो. एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्राचा तुकडा मागे राहून गेला, त्याचा तो ठिपका. तंबाखूवाल्यांच्या स्लाइडवर हे ठिपके जास्त सापडतात. त्या माणसाला दुखत नसतं, खुपत नसतं, जेवण व्यवस्थित चालू असतं.

धुरातलं बेन्झोपायरीन नावाचं रसायन शरीरात रूप बदलून थेट डीएनएला चिकटतं. दारूचं तोंडातले जंतूच ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष करून टाकतात, तेही डीएनए बिघडवतं. शिवाय दारूने आतलं अस्तर सैल पडतं आणि धुरातली विषं खोल झिरपतात. म्हणून तुझ्या त्या शनिवारच्या जोडीची मला जास्त भीती वाटते. 1995 साली अमेरिकेत डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या गाठी तपासल्या होत्या. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं पी-53 जनुक बिघडलेलं निघालं ते दोन्ही घेणाऱ्यांपैकी 58 टक्क्यांत, दारू न पिता सिगारेट ओढणाऱ्यांपैकी 33 टक्क्यांत आणि दोन्हींपासून लांब राहिलेल्यांपैकी 17 टक्क्यांत.

बिघाड एका जागी थांबतही नाही. गाठीभोवतीचं, वरून चांगलं दिसणारं अस्तरसुद्धा बदललेलं असतं, हे स्लॉटर या अमेरिकी डॉक्टरांनी 1953 मध्येच दाखवलं. गाठ काढूनही काहींना शेजारी दुसरी होते, ती त्यामुळेच.

सिगारेट सोडलीस तर पाच ते दहा वर्षांत तोंडाच्या कॅन्सरचा धोका निम्म्यावर येतो. तू अजून तिशीतही नाहीस, म्हणून आत्ताच सोड, आणि दारूही. सिगारेट सोडणं एकट्याने जमत नसेल तर तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या 1800-11-2356 या सरकारी नंबरवर फोन कर, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

दिवाळीला आलास की आपल्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ. जिभेखाली, गालात, हिरड्यांच्या मागे नीट बघून घेतील. वेळ मी घेऊन ठेवते. मधेच तोंडात पांढरा-लाल चट्टा दिसला किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर मात्र दिवाळीची वाट बघू नकोस.

तुझी,
आई