मुक्तिसंग्राम दिनाची स्पर्धा पार पाडणाऱ्यांचे आभार

१७ सप्टेंबरची आमच्या क्लबची सांघिक बुद्धिबळ स्पर्धा परभणीत पार पडली, ती तुमच्यामुळं. नावं छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही.

तिसऱ्या फेरीत लाईट गेली. बाहेर धो धो पाऊस, आत मिट्ट अंधार, पण सेलवरची घड्याळं आपली टिकटिकतच होती. पंचबाईंनी आधी ती थांबवायला लावली. अंधारात एका पोरीच्या बाहीला लागून वजीर आडवा झाला. हात लावलं तेच मोहरं खेळायचं, हा नियम तिला इतका पाठ, की ती रडायलाच लागली. पंचबाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या, "बाळा, चुकून धक्का लागला तर तो नियम नाही," म्हणाल्या आणि वजीर जागेवर ठेवला. तिनं तो डाव घालवला, ते सोडा.

तोवर शेजारचे दुकानदार काका स्वतःचं दुकान अंधारात ठेवून इन्व्हर्टर घेऊन आले. काका, बॅटरीचं पाणी तरी आम्हाला भरू द्या!

रविवारी फुकट शिकवणाऱ्या एसटीतल्या निवृत्त कंडक्टर मामांचे आभार कसे मानावेत? "हत्ती प्याद्याच्या पुढं नाही, मागं" हे ते गेली कित्येक वर्षं घसा कोरडा होईस्तोवर सांगतायत. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकल्यापासून मुली वाढल्या, तशी मामांची एक बॅचही वाढली.

पोहे करणाऱ्या मावश्यांनो, दोन पातेली आमच्याकडंच राहिलीत. घेऊन जा.