पाहुणी कोण?

धुळे, २९ मे

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "गेले का गं पाहुणे?" आणि मी नुसतं "हो" म्हटलं, कारण हे शेजारीच बसले होते. आता सविस्तर लिहिते. आधी तो पाहुणे शब्द काढून टाक. मुलं बापाच्या घरी आलेली, त्यांना पाहुणे कसं म्हणणार? सासू-सासऱ्यांच्या बाबतीत तर तो शब्द तोंडातून काढायची सोय नाही. मग घरात पाहुणं उरलं कोण, सांग बरं.

यांच्या पहिल्या बायकोशी झालेल्या घटस्फोटाच्या कागदात ठरलंय, उन्हाळी सुट्टीतले निम्मे दिवस मुलं यांच्याकडे. वकीलसाहेबांच्या ऑफिसात हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की बोटं आपोआप चालतात. पण ते निम्मे दिवस स्वतःच्या स्वयंपाकघरात काढायचे म्हणजे काय, ते यंदा कळलं. गेल्या वर्षी मुलं चारच दिवस होती, ते काही मोजण्यात नाही. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी पुण्याच्या बसमधून दोघं उतरली, आणि नातवंडं आली म्हणून अमळनेराकडून सासू-सासरेही आले. दोन खोल्या, एक कूलर, नळाला पाणी सहा दिवसांनी. आखाजीचा सण तेवढा छान झाला. घागर भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं, सांजोऱ्या, आमरस. सण असला की कुणी कुणाचं कोण हा प्रश्न पडत नाही. प्रश्न पडतो तो तिसऱ्या दिवशी, शिळ्या पोळ्या कुणी खायच्या तेव्हा.

धाकटा नऊ वर्षांचा, त्याचं सोपं. शेवभाजीनं नाकातून पाणी वाहिलं तरी "अजून वाढा" म्हणाला आणि लळिंगचा किल्ला कधी बघायचा म्हणून मागे लागला. थोरली तेरा वर्षांची. तिनं ताट हळूच सरकवलं आणि म्हणाली, "आई यात थोडा गूळ घालते." सुमे, एवढंच. पण मी ओट्याशी जाऊन त्या रश्शावर अशी काही चिडले की विचारू नकोस! शेवभाजीत गूळ! आपल्या खान्देशात!

ती मला हाक मारत नाही. काकू नाही, मावशी नाही, काहीच नाही. "ते पाणी..." म्हणते आणि थांबते, नाहीतर भावाला कोपरखळी मारते, "विचार ना." तू म्हणाली होतीस, मैत्री कर, म्हणून मी तिच्यासाठी ड्रेस आणला, केसांना क्लिपा आणल्या. ड्रेस घडीसकट परत पेटीवर. तुझा सल्ला वाईट नव्हता, पण मैत्री करायला समोरच्याला सवड लागते, आणि तिची सगळी सवड आईची आठवण काढण्यात जात होती.

आणि हे! मुलं आली की हेच घरातले पाचवे पाहुणे. दुकानातून येताना टरबूज आणायचं, मुलांच्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचं, आणि "अगं, आबांचा चहा?" भांडायलाही जागा नाही बघ. कूलर सासूबाई आणि मुलांच्या खोलीला, आम्ही गच्चीवर. रात्री अकरापर्यंत फरशी चटके देते, शिंपडायला पाणी नाही, आणि आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर अख्खी कॉलनी झोपलेली. हळू आवाजातलं भांडणही तिसऱ्या गच्चीवर ऐकू जातं. शेवटी बर्फाचा गोळा खायच्या निमित्तानं पारोळा रोडला गेलो आणि ट्रकच्या आवाजात मनसोक्त भांडून आलो. मी म्हटलं, मुलं तुमची, आई-बाबा तुमचे. मी हाताखाली उभी राहीन, पण पुढे तुम्ही व्हा. सकाळचा नाश्ता तुमचा, मुलांची संध्याकाळ तुमची, आणि ऑफिसातून आल्यावर तासभर मी दार लावून पडणार, दार कुणी वाजवायचं नाही. दुसऱ्या दिवशी पोहे खाली लागले. थोरलीनं ते मुकाट्यानं खाल्ले. माझ्या हातचं इतकं मुकाट्यानं कधी खाल्लं नव्हतं!

सासूबाईंचं मला कळतच नाही. आठवडाभर "पहिली असं करायची" ऐकलं. मग एका पहाटे चार वाजता बिबडे, आपले ज्वारीचे पापड, घातले. ज्वारीचा चीक रटरटत होता, गच्चीवर ओलं धोतर अंथरलेलं. थोरली उठून आली, हात ओले करून बसली आणि आजीला विचारलं, किती पातळ थापू? सासूबाई चीक ढवळताना मान वर न करता म्हणाल्या, "माले नको इचारू, तिले इचार." बिबड्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या गावात कुणी नाही. मला मेलीला काय येतंय? अंदाजानं म्हटलं, अजून पातळ कर. वाळल्यावर मागून पाणी मारून सोडवायला गेलो तर निम्मे फाटले. सासूबाईंनी एक शब्द काढला नाही. थोरली मात्र हसली, माझ्याकडे बघून, वीस दिवसांत पहिल्यांदा.

त्याच आठवड्यात ऑफिसात पोटगीचा अर्ज टाइप करताना १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याचं कलम २० समोर आलं. वृद्ध आई-वडिलांना सांभाळायचं, आणि खाली खुलासा, त्यात अपत्यहीन सावत्र आईही धरायची. म्हणजे मीच की! कायद्याला माझी आठवण झाली ती म्हातारपणी. आज आंब्याची शेवटची फोड कुणाला द्यायची, ते मात्र कुठल्याच कलमात नाही. मी ती स्वतः खाल्ली, एकदा, फ्रिजचं दार उघडं ठेवून उभ्या उभ्या. कुणाला सांगू नकोस.

परवा मुलं गेली. स्टँडवर थोरलीनं पोचल्याचं कळवायला माझा नंबर घेतला. वाकून पाहिलं तर 'धुळे घर' असं सेव्ह केलंय. नाव अजून नाहीच.

दिवाळीत पुन्हा निम्मी सुट्टी. त्याआधी तू जूनमध्ये ये, पाऊस पडला की गच्ची मोकळीच असते. फाटके बिबडे दोन पिशव्या तुझ्यासाठी बाजूला ठेवलेत. तळू नकोस, कच्चेच शेंगदाण्यांबरोबर खा.

तुझीच,
शालू