‘आणखी काय घेतलंय?’ असे विचारणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

माझा चेहरा आपल्या लक्षात असण्याचे काही कारण नाही. आपत्कालीन विभागातल्या रात्रपाळीत आपल्यासमोर आमच्यासारखी कितीतरी मुले येऊन गेली असतील. त्या रात्री एकच्या सुमारास आम्ही तिघांनी आमच्या २२ वर्षांच्या मित्राला जवळजवळ उचलूनच आत आणले होते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर गार घाम होता आणि हाक मारली की तो डोळे किलकिले करून पुन्हा मिटून घेत होता. काय घेतले आहे, असे आपण विचारल्यावर मी म्हणालो, “दारू. जरा जास्त झाली.” आपण लिहिता लिहिता थांबलात, पेन बाजूला ठेवलेत आणि आवाज अजिबात न चढवता म्हणालात, “आणि आणखी काय घेतलंय? मी पोलीस नाही. मला त्याचा श्वास सांभाळायचाय, म्हणून विचारतेय.” तेव्हा कुठे माझ्या तोंडून गांज्याचे नाव निघाले. हे पत्र मुख्यतः आपल्या त्या प्रश्नासाठी आहे.

मी ते लपवत होतो यामागे भीती होतीच, पण तेवढीच नव्हती. गांज्याचे दोन-चार झुरके सांगण्याजोगे असतात, असे मला खरोखरच वाटत नव्हते. आमच्या लेखी नशा होती ती दारूची, आणि गांजा म्हणजे वरची फोडणी. उलट दारूने मळमळू लागले की गांजा ओढावा, म्हणजे पोट शांत होते, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. ही समजूत सपशेल खोटी नाही, हे मला नंतर कळले, आणि धोकाही तिथेच आहे. गांज्यातला टीएचसी हा घटक उलटीची भावना दाबतो. कर्करोगाच्या केमोथेरपीने होणाऱ्या उलट्यांवर याच घटकापासून बनवलेल्या औषधाला अमेरिकेत १९८५ सालीच मान्यता मिळाली होती. मात्र पोटात नको इतकी दारू गेलेली असताना ती बाहेर टाकण्याची शरीराची स्वतःची सोय म्हणजे उलटी. ती दबली की माणूस आणखी पीत राहतो, आणि पुढे शुद्ध हरपल्यावर उलटी झालीच, तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

“कसा झोपवला होता?” हा आपला पुढचा प्रश्न. मी “उताणा” म्हणालो. डोक्याखाली उशी देऊन, “झोपू दे, उतरेल आपोआप,” असे म्हणत आम्ही त्याला अर्धा तास खोलीत एकटे सोडले होते, हेही सांगितले. आपण रागावला नाहीत. त्याला कुशीवर वळवून वरचा गुडघा पुढे कसा दुमडायचा, हात गालाखाली कसा घ्यायचा आणि हनुवटी किंचित वर कशी ठेवायची, हे आपण एकदा करून दाखवलेत आणि मग तेच माझ्याकडून करून घेतलेत. माझे हात थरथरत होते. पंधरा-वीस मिनिटांनी त्याला भडभडून उलटी झाली आणि ती सगळी बाहेर, आपण आधीच लावून ठेवलेल्या ट्रेमध्ये पडली. त्या खोलीतल्या अर्ध्या तासात हेच घडले असते तर काय झाले असते, हा विचार अजूनही माझी पाठ सोडत नाही.

पहाटे सलाइनची बाटली बदलताना आपण मला समजावलेत की यकृत दारूचा निचरा आपल्याच संथ गतीने करते, तासाला साधारण एक पेग, आणि शेवटचा घोट घेऊन झाल्यावरही रक्तातली पातळी काही वेळ चढतच राहते. कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने ती गती वाढत नाही. दोन्ही नशा एकमेकींच्या शेजारी गुमान बसत नाहीत, हे आपले शब्द मी तेव्हाच मनात टिपून ठेवले आणि पुढे त्याबद्दल वाचत गेलो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीच माणसे गांज्याआधी थोडे मद्य घेत, तेव्हा त्यांच्या रक्तातली टीएचसीची कमाल पातळी नुसत्या गांज्यापेक्षा लक्षणीय वर गेलेली दिसली. म्हणजे नेहमीचेच झुरके त्या दिवशी नेहमीचे राहत नाहीत. नाडी धावू लागते, उभे राहिले की रक्तदाब पडून डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आठवण पक्की करणाऱ्या मेंदूच्या भागावर दोन्हींचा मारा होतो. आमच्या मित्राला त्या संध्याकाळी आठनंतरचे आजही काही आठवत नाही. तो आम्हाला विचारतो आणि आम्ही त्याला सांगतो. हे त्याच्या फार जिव्हारी लागते.

गाडी कोणी चालवली, हेही आपण विचारलेत. चालवणाऱ्यानेही दोन्ही घेतले होते, पण तो नीट बोलत होता म्हणून आम्ही त्याला शुद्धीत धरले होते. आपण हात पुढे करून किल्ली मागितलीत आणि ती दुपारपर्यंत आपल्या खणात ठेवलीत. त्यावेळी मला ते अपमानास्पद वाटले होते, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. वाहन चालवण्याच्या आभासी यंत्रावर केलेल्या प्रयोगांत मद्य आणि टीएचसी या दोन्हींमुळे गाडी आपल्या पट्ट्यात डावी-उजवीकडे झोकांड्या खाते आणि दोन्ही असता त्या परिणामांची बेरीज होते, असे आढळले आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत तर केवळ दारू पिणाऱ्यांच्या तुलनेत दोन्ही एकाच वेळी घेणाऱ्यांमध्ये नशेत गाडी चालवल्याची शक्यता सुमारे दुप्पट दिसली. असे लोक मुळातच जास्त पीत असतील, असा आक्षेप घेता येईल आणि तो रास्तही आहे. पण त्या रात्री गाडीत आम्ही चौघे होतो आणि रस्त्यावर इतरही माणसे होती.

निघताना आपण समुपदेशकाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी त्या आजारी मित्राच्या हातात नव्हे, माझ्या हातात दिलीत. त्यामागचे कारण मला घरी पोहोचल्यावर उमगले. आम्ही दोघेही गेलो. मला सोडायला चार महिने लागले, त्याला त्याहून अधिक, आणि मध्ये तो एकदा घसरला, तेव्हा त्याने आपण होऊन मला फोन केला.

आपले नाव विचारायचे राहून गेले. त्याने आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

आपला कृतज्ञ,
त्या रात्री खोटे बोललेला मुलगा